वेताळाचा खंड

सालमियातल्या एका पुस्तकांच्या दुकानात, इंग्रजी विभागाच्या अगदी मागच्या भिंतीला एक कपाट आहे. त्यातलं पुस्तक एका हाताने काढता येत नाही. स्पायडरमॅन, एक्स-मेन, बॅटमॅन, सुपरमॅन. हजार-हजार पानं, पुठ्ठ्याची बांधणी, वर चकचकीत वेष्टण, वजन तीन किलोच्या घरात आणि किंमत तीस-पस्तीस दिनार. यांना ऑम्निबस म्हणतात. साठ वर्षांपूर्वी दहा-बारा सेंटला विकली गेलेली, वाचून झाली की फेकून द्यायची मासिकं आता अशी एकत्र बांधून मिळतात. तुम्ही दुबईत असा, न्यू जर्सीत असा की सिंगापुरात, असं कपाट तुमच्या ओळखीचं असेल. मुलांसाठी म्हणून तिथे जायचं आणि मुलं कंटाळली तरी आपणच रेंगाळायचं, हेही ओळखीचं असेल.

मी त्या कपाटासमोर पहिल्यांदा उभी राहिले ती एका नुकसानाची भरपाई शोधायला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरही आलं. बाबांनी बांधून घेतलेले इंद्रजाल कॉमिक्सचे सात खंड होते, त्यातले सहा खालच्या फळीवर. पाणी ओसरल्यावर बाबा फोनवर फ्रिजबद्दल बोलले, गाद्यांबद्दल बोलले, आईच्या शिलाई मशीनबद्दल बोलले. खंडांचा विषय तिसऱ्या दिवशी निघाला. "ती पुस्तकं गेली गं. पानाला पान चिकटून पार वीट झालीय." मी म्हटलं, नवी घेऊ. हल्ली सगळ्यांचेच संग्रह निघतात, वेताळाचेही निघाले असतील.

निघाले आहेत. मी मागवलेही. आणि ते वाचल्यावर मला कळलं की बाबांचा वेताळ त्यांत नाही. हा लेख त्या फरकाबद्दल आहे. संग्रह म्हणजे जुनं साहित्य सुरक्षित ठेवायचा डबा, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की संग्रह हा एक निवाडा असतो. कुणाला ठेवायचं, कुठल्या भाषेत ठेवायचं आणि काय गाळायचं, हे तो ठरवतो. आणि भाषा ओलांडून आलेले नायक या निवाड्यात बहुतेक वेळा हरतात.

आधी वेताळ कोण ते सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण त्याच्यानंतर जन्मले असतील. बेनेट कोलमन, म्हणजे 'टाइम्स ऑफ इंडिया'वाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. सुरुवात इंग्रजीत झाली. पुढे हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांत ते निघू लागलं आणि १९९० मध्ये बंद पडलं. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी असे अमेरिकन वृत्तपत्री चित्रपट्ट्यांतले नायक त्यात असत. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर हा त्यातला अस्सल देशी गडी. पण राजा होता तो ली फॉक यांचा फँटम, आणि मराठीत त्याचं नाव होतं वेताळ.

फँटम १७ फेब्रुवारी १९३६ ला अमेरिकन वृत्तपत्रांत अवतरला, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा हे सुपरहिरोंचं रूप पहिल्यांदा त्याच्याकडे दिसतं. त्याला कुठलीही दैवी शक्ती नाही. तो एका घराण्याचा एकविसावा वारस आहे. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, त्यामुळे जंगलातल्या लोकांना वाटतं की हा चारशे वर्षं मेलेलाच नाही. इंग्रजीत त्याचं बिरुद आहे, चालणारं भूत.

आता या बिरुदाशेजारी आपला वेताळ ठेवून पाहा. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात, कारण तो रात्रभर गावाची राखण करत हिंडतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा भुतांचा राजाही आहे आणि गावाचा राखणदारही. भीती आणि भरवसा दोन्ही एकाच नावात. ज्याने कुणी फँटमला वेताळ केलं, त्याच्या मनात वेतोबा होता की विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ, हे सांगता येणार नाही. पण मराठी वाचकाला दोन्ही ऐकू येतात. न्यूयॉर्कच्या लेखकाने कल्पनेने रचलेल्या चालत्या भुताला आपल्याकडे हजारो पावलांची वाट आधीच तयार होती. माझी आजी कॉमिक्स वाचत नसे, पण मुखपृष्ठावरचं नाव वाचून तिने कधी 'हे कोण?' असं विचारलं नाही.

मग मी मागवलेला संग्रह आला. अमेरिकेतली हर्मिस प्रेस ही संस्था २०१० पासून फँटमच्या रोजच्या पट्ट्या सालवार क्रमाने खंडरूपात काढते आहे. पहिला खंड १९३६-३७ चा. काम उत्तम आहे. छपाई स्वच्छ, क्रम चोख, रे मूर यांच्या चित्रांतल्या काळ्या सावल्या जशाच्या तशा. सलग वाचल्यावर काही गमतीही दिसतात, ज्या रोज एक पट्टी वाचणाऱ्याला दिसणं शक्य नव्हतं. उदाहरणार्थ, पहिल्या गोष्टीत जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, निरुद्योगी तरुण आहे. फॉक यांचा मूळ बेत असा होता की हाच तरुण गुप्तपणे फँटम निघेल. गोष्ट रंगात आल्यावर त्यांनी बेत बदलला, नायकाला जंगलात आणि चारशे वर्षांच्या परंपरेत नेलं, आणि बिचारा जिमी वेल्स कथेत तसाच लोंबकळत राहिला. चालत्या गाडीचं चाक बदलताना लेखक आपल्याला सापडतो. संग्रहाचं हे खरं देणं आहे.

दुसरं देणं कडू आहे. सलग वाचताना फँटमच्या जगाचा सांगाडा उघडा पडतो: एक गोरा माणूस, त्याचं सिंहासन, आणि त्याला अमर समजून भोवती वावरणारे जंगलातले लोक. फसवणूक चारशे वर्षं टिकते, कारण ते भोळे आहेत असं गृहीत धरलेलं आहे. सांगलीच्या अंगणात नऊ वर्षांची असताना मी स्वतःला वेताळाच्या जागी ठेवत असे, बंडार जमातीच्या जागी कधीच नाही. आखातात येऊन पासपोर्टच्या रंगावरून पगार आणि रांग ठरताना पाहिल्यावर ही गोष्ट मला पहिल्यांदा टोचली. जुन्या गोष्टी एकत्र छापल्या की त्यांची जमाखर्चाची वही होते, आणि तिच्यात उधारीही दिसते. ती दिसावी. गाळलेली आवृत्ती मला नको आहे.

पण आमचा वेताळ मुळातच गाळलेला होता. अमेरिकन पट्ट्यांमधल्या आडव्या चौकटी इंद्रजालच्या उभ्या पानात बसवताना कापल्या जात, काही टाकूनच दिल्या जात. फँटमचे हाडवैरी समुद्री चाचे मूळ इंग्रजीत 'सिंग' बंधू आहेत. भारतात ते नाव चालणं शक्य नव्हतं, म्हणून ते 'सिंगा' झाले. त्याचा देश मूळचा 'बंगाला'. ते बंगालच्या फार जवळ जात होतं, म्हणून त्याचं 'डेंकाली' झालं. मी हर्मिसच्या खंडात डेंकाली शोधत राहिले. ती तिथे नाही, असायचं कारणही नाही. संपादकाच्या दृष्टीने तो मुंबईतल्या कचेरीत झालेला एक फेरफार आहे. माझ्या दृष्टीने तो देश आहे. मला त्याचा नकाशा पाठ होता.

बाबांच्या खंडांत आणखी काय होतं तेही सांगते, कारण ही बांधणीची पद्धत तुमच्याही घरी असेल. वीस-पंचवीस अंक साठले की बाबा ते गावातल्या बाईंडरकडे देत. तो पिना काढे, दोऱ्याने शिवे, पुठ्ठा आणि कापडी कणा लावे, आणि कडा एकसारख्या करायला यंत्राखाली धरी. त्यात प्रत्येक पानाची बाहेरची कड थोडी जाई आणि कधी वेताळाच्या बोलण्यातलं शेवटचं अक्षरही जाई. ते आम्ही अंदाजाने वाचायचो. पण मुखपृष्ठं राहिली होती, पॉपिन्सच्या गोळ्यांच्या जाहिराती राहिल्या होत्या, कुणा मामेभावाने पेनाने काढलेल्या मिशा राहिल्या होत्या. तो गल्लीतला, दीड-दोन रुपये मजुरीचा ऑम्निबसच होता.

आता दुकानातल्या खऱ्या ऑम्निबसकडे या. अमेरिकेत जुन्या सुपरहिरो मासिकांचं पद्धतशीर ग्रंथरूप तसं अलीकडचं. मार्व्हलची 'मास्टरवर्क्स' ही कापडी बांधणीची माला १९८७ मध्ये सुरू झाली, डीसीची 'आर्काइव्ह एडिशन्स' १९८९ मध्ये, आणि मार्व्हलचे आजचे अवजड ऑम्निबस २००५ पासूनचे. त्याआधी जुना अंक वाचायचा तर संग्राहकाकडून भलत्या किमतीला विकत घ्यावा लागे. म्हणजे या मालांनी खरी सेवा केली, ते नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र मासिकाचा ग्रंथ करताना तीन गोष्टी बदलतात, आणि विकत घेण्याआधी त्या तुम्हाला माहीत असाव्यात.

पहिली, लय. साठच्या दशकातला प्रत्येक अंक नव्या वाचकालाही कळेल असा लिहिलेला असे. त्यामुळे दर वीस पानांनी स्पायडरमॅन आपली शक्ती, आपला अपराध आणि आपल्या काकांचा मृत्यू पुन्हा सांगतो. महिन्यातून एकदा हे कीर्तनातल्या ध्रुवपदासारखं गोड लागतं. एका रविवारी चाळीस अंक वाचले तर डोकं दुखतं. दोष गोष्टीचा नाही, आपल्या वाचण्याच्या वेगाचा आहे. ऑम्निबस रोज एक अंक याप्रमाणे वाचा. दोन महिने पुरेल आणि आवडेलही.

दुसरी, रंग. जुने रंग भुरकट, शाई पिणाऱ्या स्वस्त कागदासाठी निवडलेले होते. तेच रंग गुळगुळीत पांढऱ्या कागदावर छापले की जत्रेतल्या पताकांसारखे भडक दिसतात. काही वेळा रंग मुद्दामही बदलतात. 'द किलिंग जोक' ही १९८८ ची गाजलेली बॅटमॅन-कथा जॉन हिगिन्स यांनी उग्र पिवळ्या-जांभळ्या रंगांत रंगवली होती. २००८ च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंड यांनी ती स्वतः नव्याने, थंड आणि करड्या छटांत रंगवली. दुकानात आज बहुधा हीच मिळते. चांगली कुठली यावर वाद होऊ शकतो, पण एकाच नावाची ही दोन वेगळी पुस्तकं आहेत.

तिसरी, मालकी. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची 'वॉचमेन' १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आली आणि १९८७ मध्येच तिचं पुस्तक झालं. करार असा होता की पुस्तक छपाईतून गेलं की ठरावीक काळाने हक्क निर्मात्यांकडे परत यावेत. तोवरच्या रिवाजाप्रमाणे अशी पुस्तकं वर्ष-दोन वर्षांत संपत. हे पुस्तक मात्र कधी छपाईतून गेलंच नाही, आणि हक्क कधी परतले नाहीत. संग्रहाने कलाकृती अमर केली, आणि त्याच अमरत्वाने ती निर्मात्यांच्या हातून गेली. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की पुस्तक सतत उपलब्ध असणं ही निखळ चांगली गोष्ट आहे, तर 'वॉचमेन' आठवा.

हे सगळं वेताळापाशी येऊन थांबलं असतं. पण मी राहते कुवेतमध्ये, आणि अल-रायच्या शुक्रवारच्या बाजारात, सूक अल-जुमाला, जुने गालिचे आणि पिंजऱ्यातले पक्षी ओलांडून गेल्यावर एका माणसाकडे मला अरबी सुपरमॅनचे काही अंक दिसले. बैरूतहून १९६४ पासून हे निघत. म्हणजे मुंबईत वेताळ सुरू झाला त्याच वर्षी अरबी सुपरमॅनही सुरू झाला. त्यात क्लार्क केंटचं नाव आहे नबील फौझी. बॅटमॅन आहे अल-वतवात, म्हणजे वटवाघूळ. पानं उजवीकडून डावीकडे उलटायची म्हणून चित्रंही आरशातल्यासारखी फिरवलेली. माझ्याबरोबरचा कुवेती सहकारी, वयाने बाबांएवढा, तो अंक हातात घेऊन बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या वर्गात सगळ्यांना नबील फौझी व्हायचं होतं. क्लार्क केंट कोण, ते मला ह्यूस्टनला शिकायला गेल्यावर कळलं." सुपरमॅनच्या ऑम्निबसच्या कपाटात नबील फौझी नाही. तो आणि डेंकाली एकाच ठिकाणी राहत असावेत.

आता कुवेतच्या स्वतःच्या नायकांकडे येते. मला वाटतं, आखातात राहणाऱ्या मराठी माणसाने हे प्रकरण जाणून घ्यावं. कुवेती मानसशास्त्रज्ञ नायफ अल-मुतावा यांना २००३ मध्ये लंडनच्या टॅक्सीत एक कल्पना सुचली, त्यातून त्यांनी तश्कील ही कंपनी उभी केली. तश्कीलने मार्व्हलची मासिकं अरबीत आणली आणि २००६ मध्ये 'द ९९' हे स्वतःचं मासिक सुरू केलं. लेखनाला फेबियन निसिएझा आणि स्टुअर्ट मूर, चित्रांना जॉन मॅक्रीआ, असे अमेरिकन-ब्रिटिश मासिकांत मुरलेले लोक होते. २००९ मध्ये जहरा इथे ९९ चं मनोरंजन उद्यान निघालं. २०१० मध्ये ओबामांनी भाषणात कौतुक केलं, आणि त्याच वर्षी डीसीने सुपरमॅन-बॅटमॅनच्या जस्टिस लीगबरोबर या नायकांची सहा अंकांची संयुक्त कथा सुरू केली.

कथेची मूळ कल्पना मला आजवर वाचलेल्या सुपरहिरो-कल्पनांतल्या सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. १२५८ मध्ये मंगोल बगदादवर चालून येतात, ग्रंथालयातली पुस्तकं टायग्रिस नदीत जातात. ग्रंथपाल रसायनाच्या मदतीने त्या ग्रंथांतलं ज्ञान नव्व्याण्णव रत्नांत उतरवतात. रत्नं ग्रानाडाला पोचतात, तिथे स्फोट होऊन जगभर विखुरतात, काही कोलंबसाच्या जहाजांतून पलीकडे जातात. आजच्या काळात ज्या मुलामुलींना ती सापडतात, त्यांना एकेक गुण, एकेक शक्ती मिळते. डॉक्टर रम्झी त्यांना शोधून एकत्र आणतात. पाण्यात गेलेल्या पुस्तकांतून काय वाचवता येईल, हा प्रश्न ज्या कथेच्या मुळाशी आहे ती मी २०१९ नंतर वाचली. तटस्थपणे वाचली असं म्हणणार नाही.

पण समीक्षा करायची तर कल्पनेच्या पुढे जावं लागेल. मी हे अंक सलग, संग्रहासारखे वाचले, आणि दोन गोष्टी ठळक झाल्या. सुरुवातीचे नायक उत्तम आहेत. जब्बार हा सौदी मुलगा भूसुरुंगावर पाय पडून प्रचंड देहाचा आणि बळाचा होतो, आणि त्याची सगळी धडपड कुणाला चुकून इजा होऊ नये यासाठी असते. दार्र हा चाकाच्या खुर्चीतला अमेरिकन तरुण इतरांच्या वेदना वाढवू-घटवू शकतो; त्याची शक्ती त्याच्या स्वतःच्या दुखण्यातून आली आहे. नूरा माणसांमधला उजेड-अंधार पाहू शकते, स्वतःचाही. इथे शक्ती आणि स्वभाव एकमेकांत गुंतले आहेत, आणि सुपरहिरो-कथेचं मर्म तेच आहे.

पुढे मात्र आकड्याचं ओझं होतं. नव्व्याण्णव म्हटल्यावर नवे नायक येतच राहतात: इंडोनेशियाचा, हंगेरीचा, पोर्तुगालची, फिलिपिन्सची, येमेनची. एकेका अंकात नवा पाहुणा, ही मासिकाच्या वाचकाला भेट वाटत असेल. सलग वाचणाऱ्याला ती हजेरी वाटते. जग भरून दिसतं, पण कुणाच्या घरात आपण फार वेळ बसत नाही. खलनायक रुघाल प्रत्येक वेळी तेच मागतो. आणि चित्रांतले देह, पोशाख, ठोशांच्या पोझेस अमेरिकन तालमीतल्याच राहतात. कुवेतचा धुळीचा पिवळा उजेड, दुपारची रिकामी गल्ली, खिडकीतल्या एसीचं टपटपणारं पाणी, यातलं फारसं काही पानावर उतरत नाही. मुंबईहून कुणी 'अस्सल भारतीय' सुपरहिरो काढला की त्यातही हीच उणीव मला दिसते. नाव आपलं, स्नायू परके.

तरीही 'द ९९' संपलं ते या उणिवांमुळे नाही. नव्व्याण्णव ही अल्लाहच्या नावांची परंपरागत संख्या, आणि नायकांची नावं त्या गुणांवरून घेतलेली. अल-मुतावांनी काळजी घेतली होती. नावांमागचं 'अल' काढलं, कारण 'अल-जब्बार' हे ईश्वराचं नाव होईल, नुसता 'जब्बार' माणूस असू शकतो. कथेत धर्माचा उच्चारही नाही. इस्लामी गुंतवणूक बँकेच्या शरिया मंडळाची संमतीही होती. तरी २०१४ मध्ये सौदी अरेबियाच्या प्रमुख मुफ्तींकडून याविरुद्ध फतवा निघाला, ट्विटरवरून जिवाच्या धमक्या आल्या, कुवेतमध्ये धर्माच्या अवमानाची तक्रार झाली. त्यातून ते निर्दोष सुटले. मासिक तोवर बंद झालं होतं.

इथे आपल्या वेताळाशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. एका परदेशी, मुखवटेधारी, गोऱ्या नायकाला आपण गावदेवाचं नाव सहज दिलं, आणि सव्वीस वर्षं कुणी हरकत घेतली नाही. यावरून आपण जास्त उदार, असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. तो आवरा. तेव्हा चाललं म्हणून आज चालेलच असं नाही. वेतोबाच्या नावाचा नवा सुपरहिरो आज काढून पाहा, म्हणजे कळेल. मला दिसणारा फरक वेगळा आहे. वेताळाच्या बाबतीत नाव ठेवणारा भाषांतरकार अनामिक होता. बाबांच्या खंडांत कुठे त्याचं नाव वाचल्याचं मला आठवत नाही. त्याला कुणी धमकी दिली नाही, पुरस्कारही दिला नाही. अल-मुतावांनी आपलं नाव लावून, आपल्या लोकांसमोर उभं राहून हे केलं, आणि त्याची किंमत मोजली. धाडस कुणाचं मोठं, याचं उत्तर अवघड नाही.

सालमियाच्या त्या कपाटात आजही 'द ९९' नाही. हे मासिक जिथे जन्मलं तिथून ते दुकान गाडीने फार तर वीस मिनिटांवर असेल. तिथे नबील फौझी नाही, आणि वेताळ असणं तर शक्यच नाही. जे नायक एका भाषेत जन्मले आणि त्याच भाषेत विकले गेले, त्यांचे संग्रह झाले. जे भाषांतरात जन्मले किंवा दोन संस्कृतींच्या मधे उभे राहिले, त्यांची जबाबदारी कुणाचीच नव्हती. फँटमचे हक्क किंग फीचर्सकडे, मराठी रूप टाइम्ससाठी झालेलं. मराठी प्रकाशकाने संग्रह काढायचा म्हटलं तर दोन्ही दारं ठोठवावी लागतील, आणि वाचक किती मिळतील हा प्रश्न पुढे उभाच. त्यामुळे जे काही वाचलं आहे ते हौशी संग्राहकांनी घरी स्कॅन करून ठेवलेलं आहे, आणि जुन्या घरांतल्या बांधीव खंडांत आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची ती घरं आता कुलूपबंद आहेत किंवा विकायला काढलेली.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा माळ्यावर बघा. खंड सापडला तर लगेच रद्दीत देऊ नका आणि सामानाच्या तीस किलोंत कोंबूही नका. आधी पानापानाचे फोटो काढा, मुखपृष्ठांसकट, जाहिरातींसकट, मामेभावाच्या मिशांसकट. कोण कुठल्या गावी बांधून घेत असे, तेही लिहून ठेवा. अमेरिकेतले चांगले संपादक आज नेमकं हेच करू लागले आहेत; जुन्या अंकांच्या हुबेहूब प्रती जाहिरातींसकट छापतात, कारण उशिरा का होईना, त्यांना कळलं की वाचलं जात होतं ते सगळं पान.

आमच्या सात खंडांतला सातवा वाचला आहे. मिरजेच्या मावशीने तो मी शाळेत असताना नेला होता आणि परत केलाच नव्हता. त्यावरून बाबा वीस वर्षं कुरकुरत होते. गेल्या महिन्यात मावशीने फोनवर विचारलं, "आता देऊन टाकू का गं भावोजींना?" मी म्हटलं, "मावशी, आणखी थोडे दिवस राहू दे तुझ्याकडेच. तुमचं घर उंचावर आहे. आणि आधी मला पान नंबर एकचा फोटो पाठव."